बॅगेत मावेल असा ट्रायपॉड

अमेरिकेत आमच्या घरी कुठलीही वस्तू विकत घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले जात. ही दोनशेवीस व्होल्टवर चालेल का, आणि ही बॅगेत मावेल का? शिकागोजवळच्या शॉमबर्गला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. मुलगी तिथेच जन्मली, तिथल्याच बालवाडीत जाऊन तिथल्यासारखे हेल काढून बोलायला लागली. पण मिक्सर घ्या, इस्त्री घ्या, नाहीतर साधी कढई घ्या, आमच्या डोळ्यांपुढे विमानतळावरचा वजनकाटा उभाच. कधीतरी परत जायचं होतं ना! कधी, ते नवरा सांगत नसे आणि मी विचारत नसे.

ट्रायपॉडला व्होल्ट लागत नाहीत. त्यामुळे मी पहिला ट्रायपॉड घेतला तेव्हा निकाल एकट्या दुसऱ्या प्रश्नावर लागला.

पण ट्रायपॉड हवा कशाला, ते आधी सांगायला हवं. नागपुरात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी एक साधा, आपोआप सगळं करणारा छोटा कॅमेरा घेतला होता. त्या कॅमेऱ्याने मी सगळ्यात जास्त फोटो काढले ते माझ्या वडिलांचे. पेपर वाचताना, सायकलची चेन बसवताना, दीक्षाभूमीवर पांढऱ्या शर्टात, जेवून उठल्यावर दात कोरताना. ते वैतागायचे आणि तरी उभे राहायचे. मी अमेरिकेत असताना ते गेले. पोचायला मला उशीर झाला. नंतर मी बिस्किटांचा डबा उघडून सगळे फोटो जमिनीवर मांडले, तेव्हा लक्षात आलं की एकाही फोटोत मी त्यांच्या शेजारी नाही. फोटो काढणारा फोटोत नसतो, ही इतकी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर भयंकर राग आला.

त्यानंतर दोन वर्षांनी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. नोव्हेंबरात आली, मेच्या सुरुवातीला जायची होती. ती पायरीवर चपला काढत होती तेव्हाच मी ठरवून टाकलं, आईचा आणि माझा एक चांगला फोटो झाल्याशिवाय हिला परत पाठवायची नाही.

नवरा म्हणाला, "एवढंच ना? आण इकडे, मी काढतो."

माझा नवरा गुणी माणूस आहे. पण त्याने काढलेल्या फोटोत आभाळ फार असतं. खाली तळाशी आमचे केस दिसतात. त्याचे दोन रोल फुकट गेल्यावर तो म्हणाला, "येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दे यार, लोक आनंदाने काढतात." तेही केलं. शिकागोला तलावाकाठी एका प्रेमळ गोऱ्या आजीबाईंनी आमचा फोटो काढला. आम्हाला हसवायला त्यांनी कोण खटाटोप केला! तिकडे रोल औषधांच्या दुकानातच धुवायला देत. आठवड्याने प्रिंट आले, तेव्हा आईच्या तोंडावर आजीबाईंचा अंगठा होता. तेव्हा असंच होतं. फोटो कसा आला ते रोल संपून, धुऊन आल्यावरच कळायचं, आणि तोवर तो दिवस गेलेला असायचा.

मग मीच मनाशी म्हटलं, आता कुणाच्या हातापाया पडायचं नाही. ऑफिसातल्या एकाने घरातलं जुनं सामान विकायला गराज सेल लावला होता, त्यात मी नुकताच जुना, चांगला भारीतला कॅमेरा घेतला होता. त्याला टायमर होता. बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकतो, दहा सेकंदांत पळत जाऊन आपल्या जागेवर बसायचं. फक्त तो ठेवायला काहीतरी हवं होतं. गाडीच्या टपावर ठेवून पाहिला, तर घसरला.

ऑफिसजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानात एक वयस्कर विक्रेता होता, चष्म्याला दोरी बांधलेला. त्याने माझ्यासमोर दोन ट्रायपॉड उभे केले. एक काळा, जाड पायांचा, एकदा रोवला की हलायचं नाव नाही. दुसरा चकचकीत अॅल्युमिनियमचा, पाय एकात एक सरकणारे, मिटला की छत्रीएवढा. किंमत निम्मी. विक्रेत्याने दोन्हींच्या डोक्यावर तळहात ठेवून जरासा दाबून दाखवला. काळा गप्प उभा राहिला, चकचकीत थरथरला. मी ते नीट पाहिलं. पाहूनही दोन्ही आळीपाळीने उचलून बघितले, मंडईत भोपळा उचलून बघतात तसे.

"वापरणार कुठे?" त्याने विचारलं.

खरं उत्तर होतं, घरामागच्या तळ्याकाठी. पण मी मनात बॅग भरत होते. काळा तिरपा ठेवला तरी मावला नसता, आणि वजन तर विचारूच नका. मी चकचकीत घेतला. किंमत कमी होती म्हणून घेतला असं घरी सांगितलं, पण किंमत हे निमित्त होतं.

घरी आल्या आल्या नवऱ्याने माळ्यावरची मोठी सूटकेस काढली आणि ट्रायपॉड तिरपा ठेवून पाहिला. "मावतो!" तो ओरडला. मुलीने टाळ्या वाजवल्या. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"ही घोडी कशाले आणली?"

"फोटोला, आई. कॅमेरा हिच्यावर ठेवायचा, म्हणजे आपण सगळे एका फोटोत येतो."

आईने घोडीला बोट लावलं. घोडी थरथरली. आई काही बोलली नाही. चाळीस वर्षं महानगरपालिकेच्या शाळेत शिकवलेल्या बाईंचं न बोलणं काय असतं, ते ज्यांनी भोगलं आहे त्यांनाच कळेल.

मार्च संपत आला तेव्हा तळ्यावरचं बर्फ वितळलं आणि कॅनडाहून येणारी ती माजोरी बदकं परत आली. एका रविवारी आम्ही चौघं तळ्याकाठी गेलो. ऊन होतं, आणि वारा होता. शिकागोच्या आसपास वारा असतोच, त्याचं कुणी काही वाटून घेत नाही. मी घोडी उभी केली, कॅमेरा बसवला, आईला बाकावर बसवलं. फोटो म्हटला की आई श्वास रोखायची. मान ताठ, ओठ बंद, शाळा तपासायला साहेब आल्यासारखी. मी बटण दाबून पळाले, बदकांनी करून ठेवलेल्या घाणीवरून घसरले, उठले, बसले. असं तीन-चारदा केलं. मुलगी हसून हसून गवतात लोळली.

प्रिंट आले. प्रत्येक फोटोत प्रत्येकजण दोन-दोनदा. आईला चार डोळे, नवऱ्याला दोन नाकं. वाऱ्याने घोडी हलत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"आजी लुक्स लाइक अ घोस्ट!" मुलगी म्हणाली.

"काय म्हणून राहिली ही?" आईने विचारलं.

"छान दिसतेस म्हणते," मी म्हटलं.

"रिटर्न करून टाक ना," नवरा म्हणाला. "पावती आहे ना?" पावती होती. खोकं नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आईने ताब्यात घेतलं होतं. लांबोडकं, मजबूत खोकं बघून तिने त्यात शेजारपाजाऱ्यांसाठी चॉकलेटं ओळीने रचली होती आणि वरून सुतळी बांधून टाकली होती. ती सोडायला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

मी चिडले होते. ट्रायपॉडवर, वाऱ्यावर, दुकानात मनातल्या मनात बॅग भरत बसले त्यावर. पण चिडून बसायला वेळ नव्हता, मे जवळ येत होता. लायब्ररीतून फोटोग्राफीचं एक पुस्तक आणलं आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचायला घेतलं. त्यात लिहिलं होतं, हलका ट्रायपॉड वाऱ्यात स्थिर करायचा असेल तर मधल्या दांड्याला खाली वजन लटकवा. बस्स, एवढंच! आमच्या घरात गॅलनभर दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन कधी फेकले जात नसत. आई त्यातून कुंड्यांना पाणी घालायची. एक कॅन पाण्याने भरला. आता तो बांधायला मजबूत दोरी हवी होती. आईने आपल्या खोलीतून परकराची नवी कोरी नाडी आणून दिली.

"आवळून बांध," ती म्हणाली. "ही तुटणार नाही."

घोडी दिवाणखान्यात उभी केली. नवऱ्याने टेबलफॅन लावून वारा घातला. कॅन जरा डोलला आणि थांबला. घोडी ठाम. आईने पुन्हा बोट लावून पाहिलं, आणि या वेळी मान हलवली.

चौदा एप्रिलची जयंती आम्ही तिकडे नंतरच्या शनिवारी करत असू. शिकागोच्या चारी बाजूंनी लोक यायचे, काही शेजारच्या राज्यांतून तासन्‌तास गाडी चालवून यायचे. नागपूरचे, मुंबईचे, औरंगाबादचे. भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये तसबिरींना हार, मेणबत्त्या, बुद्धवंदना, दोन-तीन भाषणं, पोरांचे नाच, आणि मग प्रत्येक घरून आलेलं जेवण. शेवटी ग्रुप फोटो. दरवर्षीच्या त्या फोटोत सगळे असतात, फक्त मी नसते, कारण कॅमेरा माझा.

त्या वर्षी मी गाडीतून घोडी, पाण्याचा कॅन आणि नाडी घेऊन गेले. हॉलमधला उजेड पिवळा, म्हणून सगळ्यांना मागच्या हिरवळीवर काढलं. लोक आले आणि नेहमीप्रमाणे घोळका करून उभे राहिले. उंच पुढे, बुटके मागे, पोरं भलतीकडेच. मी कॅमेऱ्यातून बघून "जरा सरका, जरा सरका" म्हणत होते आणि कुणी ढिम्म हलत नव्हतं.

तेवढ्यात आईचा आवाज आला. तो आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

"सगळे इकडं बघा! उंचीप्रमाणे ओळी. निळा शर्ट, तुम्ही मागे. चष्मेवाले, तुम्ही त्यांच्या शेजारी. हसायचं नंतर, आधी रांग."

निळा शर्ट म्हणजे हृदयाचे मोठे डॉक्टर. ते "हो काकू" म्हणून निमूट मागे गेले. पाच मिनिटांत तीन ओळी लागल्या, पुढे पोरं मांडी घालून. आमची मुलगी "आजी इज सो बॉसी" म्हणाली आणि तिलाही मांडी घालून बसवण्यात आलं.

शाळेतले वर्गाचे फोटो मला आठवतात. मधल्या खुर्चीवर मुख्याध्यापक, आणि आई अगदी कडेला, चुळबुळणाऱ्या दोन पोरांच्या कॉलरी धरून उभी. अर्धी आई फोटोबाहेर. म्हणून मी तिला सांगितलं, आज तू मधल्या खुर्चीवर बसायचं. ती आढेवेढे घेत बसली. पदर सारखा केला. मग कमरेला खोचलेला रुमाल काढला, झटकला, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पसरला.

आमच्यातले सगळ्यात वडीलधारे काका त्या खुर्चीवर टेकायला आले.

"भाऊ, ती जागा धरली आहे," आई म्हणाली.

काकांनी रुमालाकडे पाहिलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. ते "बरं बरं" म्हणत पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथे जन्मलेल्या पोरांना मात्र काही उमगेना. एकाने विचारलं, "व्हाय इज देअर अ हँकी ऑन द चेअर?" नवऱ्याने गंभीरपणे सांगितलं, "रिझर्व्हेशन."

रोलमध्ये तीनच फोटो उरले होते. वारा सुटला होता, साड्यांचे पदर उडत होते. नाडीला कॅन लटकत होता आणि घोडी उभी होती. मी बटण दाबलं, पळाले, आणि अर्ध्या वाटेवरच क्लिक झालं. सगळे खो खो हसले. दुसऱ्यांदा साडीत पाय अडकला. तिसऱ्यांदा मी साडी सरळ वर खोचली, बटण दाबलं आणि जीव खाऊन धावले. खुर्चीपाशी पोचले तेव्हा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला होता. आईने ऐनवेळी माझ्याखालचा रुमाल ओढून घेतला आणि मी बसले.

क्लिक.

प्रिंट यायला आठवडा लागला. तो आठवडा मी ऑफिसात काय काम केलं ते मला विचारू नका. औषधांच्या दुकानाच्या बाहेर, गाडीतच पाकीट फोडलं. पहिल्या फोटोत माझी पाठ. दुसऱ्यात मी वाकलेली. तिसऱ्यात सगळे लख्ख, प्रत्येकाला एकच नाक आणि दोनच डोळे. सगळे समोर बघत आहेत, आईने तंबी दिल्याप्रमाणे. फक्त आई समोर बघत नाहीये. ती माझ्याकडे बघून हसते आहे, तोंड उघडं टाकून, श्वास-बीस काही न रोखता, आणि तिच्या हातात उपसलेला रुमाल हवेत आहे. मला दम लागलेला, केस विस्कटलेले, साडी पोटरीपर्यंत. मी इतकी वाईट कुठल्याच फोटोत दिसत नाही. गाडीत बसून मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला फार आनंद झाला, त्याला दुसरा शब्द नाही.

एक मोठी प्रत आईला दिली. दुसरी त्या बिस्किटांच्या डब्यात, वडिलांच्या फोटोंवर ठेवली.

आईच्या बॅगा भरायला घेतल्या तेव्हा तिने हळूच विषय काढला.

"ही घोडी मी नेऊ का?"

"तू? काय करशील तिचं?"

"आमच्या विहारात फोटोवाला येते. तो स्टेजवरच्या पाहुण्यांचे काढते आन जाते. आम्ही बाया स्वयंपाक करतो, झाडझूड करतो, आमचा एक फोटो नाही कुठं. हे यंत्र असलं की कोणाले सांगाची गरज नाही."

मी माझा नागपूरचा तो पहिला छोटा कॅमेरा शोधून काढला. त्यालाही टायमर होता, मी कधी वापरलाच नव्हता. चार संध्याकाळी आईने दिवाणखान्यात सराव केला. मुलीची भालू-सशांची सगळी फौज सोफ्यावर उंचीप्रमाणे बसवायची, बटण दाबायचं आणि पदर सावरत जाऊन त्यांच्यात बसायचं. ती माझ्यापेक्षा वेळेवर पोचायची. बॅग काट्यावर चढली, वजन जरासं जास्त भरलं, बदामाचा एक पुडा बाहेर आला. घोडी आत तिरपी बसली, नवऱ्याने मोजली होती अगदी तशी. नाडीही तिने बरोबर नेली.

आई गेल्यावर मी पुन्हा त्या दुकानात गेले आणि काळा, जाड पायांचा ट्रायपॉड घेतला. तो गाडीत टाकताना खांदा भरून आला. घरी आणून कोपऱ्यात उभा केला. नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, पण माळ्यावरची सूटकेस काही काढली नाही. त्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. बॅगेत मावेल का, हे न विचारता आमच्या घरात आलेली ती पहिली वस्तू. दोघांनाही ते कळलं, आणि आम्ही चहा केला.

जुलैत नागपूरहून पाकीट आलं. आत बुद्धपौर्णिमेचा फोटो. विहाराच्या अंगणात पांढऱ्या साड्यांमध्ये महिला मंडळ, उंचीप्रमाणे तीन ओळी, फोटो किंचित डावीकडे कललेला. मधल्या खुर्चीवर आई, मान ताठ, पोचून स्थिरावलेली. आणि तिच्या शेजारी, एवढ्या बायका मागे दाटीवाटीने उभ्या असताना, एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी.

खुर्चीवर रुमाल पसरलेला होता.

रविवारी फोन कार्डावरचे नंबर दाबून आईला फोन लावला. फोन लागला. मी फोटोचं कौतुक केलं. मग विचारलं, "आई, ती खुर्ची कुणाची गं?"

"कोणाची म्हणजे?" आई म्हणाली. "दहा सेकंदांत तू कशी पोचशील तिथून? म्हणून धरून ठेवली. तू ये सावकाश."